ऑक्टोपसची शेती: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

ऑक्टोपस फार्मिंगची कुठे बातमी आली की ओळखीतले दोन-चार जण मला मेसेज करतातच, कारण मी या विषयावर सतत बोलत असते. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. एक आधीच सांगते, मी कोकणातली आहे आणि मासे खाते, त्यामुळे हे सगळं शाकाहाराच्या प्रचारासाठी लिहिलंय असा गैरसमज नको.

ऑक्टोपसची शेती म्हणजे नक्की काय? कोळंबीसारखी तळ्यात करतात का?

तळ्यात नाही, टँकमध्ये. अंड्यातून पिल्लं काढायची, ती टँकमध्येच वाढवायची, त्यातलेच काही मोठे झाले की त्यांच्यापासून परत अंडी घ्यायची आणि बाकीचे दोन-तीन किलोचे झाले की मारून, फ्रीझ करून विकायचे. समुद्रातून काहीच पकडून आणायचं नाही, जन्मापासून मरेपर्यंत सगळं एका बिल्डिंगमध्ये.

याच्या आधी स्पेनच्या गॅलिशिया भागात नव्वदच्या दशकात एक अर्धवट प्रकार सुरू झाला होता. पाऊण-एक किलोचे ऑक्टोपस समुद्रातून पकडायचे, खाडीत तरंगत्या पिंजऱ्यांमध्ये ठेवायचे आणि तीन-चार महिने खाऊ घालून अडीच-तीन किलोचे करायचे. त्यात दर वेळी समुद्रातूनच नवे पकडावे लागायचे आणि मरायचेही बरेच, म्हणून तो धंदा कधी फार वाढला नाही. आता जो वाद चाललाय तो पहिल्या प्रकाराचा, पूर्ण बंदिस्त शेतीचा.

मग एवढी वर्षं कुणाला जमलं का नाही?

पिल्लांमुळे. युरोपात सगळ्यात जास्त खाल्ला जाणारा जो साधा ऑक्टोपस आहे, ऑक्टोपस व्हल्गॅरिस, त्याची मादी एका वेळी लाख ते पाच लाख अंडी घालते, पण त्यातून निघणारं पिल्लू तांदळाच्या दाण्याहून लहान असतं आणि दोनेक महिने पाण्यात तरंगत राहतं. त्या काळात त्याला जिवंत, हलणारं खाणं लागतं, खेकड्यांची वगैरे अगदी बारीक पिल्लं, आणि नेहमी हॅचरीत जे आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) देतात त्यातून त्याला पुरेसं पोषण मिळत नाही, म्हणून लॅबमध्ये ही पिल्लं हजारोंनी मरायची. जपानमध्ये, स्पेनमध्ये लोक कित्येक वर्षं याच्यामागे लागले होते. जपानच्या निस्सुई कंपनीने २०१७ मध्ये टँकमध्येच वाढलेल्या ऑक्टोपसची अंडी उबवल्याचं जाहीर केलं आणि २०१९ मध्ये स्पेनच्या नुएव्हा पेस्कानोव्हा कंपनीने सांगितलं की अंड्यापासून पुढच्या पिढीपर्यंतचं पूर्ण जीवनचक्र आम्ही टँकमध्येच जमवलंय. खरा गाजावाजा तिथून सुरू झाला.

मेक्सिकोत युकातानच्या किनाऱ्यावर सिसाल नावाचं गाव आहे, तिथे विद्यापीठाचे लोक वेगळ्या जातीवर काम करतात, ऑक्टोपस मायावर. त्याची अंडी मोठी असतात आणि पिल्लू बाहेर येतं तेच छोट्या ऑक्टोपससारखं, तरंगायची भानगडच नाही, त्यामुळे तिथे हे तुलनेनं सोपं गेलं.

तो कॅनरी बेटांवरचा प्रोजेक्ट नक्की काय होता?

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारिया बेटावर लास पाल्मास बंदर आहे, तिथे नुएव्हा पेस्कानोव्हाला जगातला पहिला मोठा ऑक्टोपस फार्म उभा करायचा होता. वर्षाला ३,००० टन, म्हणजे साधारण १० लाख ऑक्टोपस. गुंतवणूक साडेसहा कोटी युरो. मार्च २०२३ मध्ये युरोग्रुप फॉर अ‍ॅनिमल्स या संस्थेनं कंपनीचे प्लॅनिंगचे कागद मिळवून बीबीसीला दिले आणि लोकांना पहिल्यांदा आतलं कळलं: दोन मजली बिल्डिंग, हजारभर टँक, एका घनमीटर पाण्यात १० ते १५ ऑक्टोपस, ब्रीडिंगसाठी काही वेळा चोवीस तास लाईट, आणि शेवटी उणे ३ अंश तापमानाच्या पाण्यात टाकून मारणं. वाढता वाढता १० ते १५ टक्के मरतील असा कंपनीचाच अंदाज होता.

एक घनमीटर म्हणजे किती ते डोळ्यासमोर आणायचं असेल तर गच्चीवरची हजार लिटरची काळी पाण्याची टाकी आठवा. त्या एका टाकीभर पाण्याच्या हिशोबात दहा-पंधरा ऑक्टोपस, आणि मोठा झालेला प्रत्येक जण हात पसरले तर मीटरभर सहज भरेल.

बातमी फुटल्यावर खूप विरोध झाला, आणि नंतर कॅनरीच्या सरकारने सांगितलं की झटपट पर्यावरण परवानगीवर भागणार नाही, संपूर्ण पर्यावरणीय आढावा द्या. त्यामुळे काम अडकलं.

कंपनीचं काय म्हणणं आहे?

तेही सांगायला हवं. त्यांचं म्हणणं असं की आमच्याकडे प्राण्यांची हाताळणी नीट होते, मारतानाही वेदना होणार नाहीत अशी काळजी घेतली जाते, बाहेर सोडायचं पाणी आधी फिल्टर करू, फीड वाया जाणाऱ्या मासळीपासून बनवू, आणि टँकमध्ये पिढ्यान् पिढ्या वाढलेले ऑक्टोपस एकमेकांना खातात असं आम्हाला दिसलं नाही. शिवाय समुद्रातल्या ऑक्टोपसवरचा ताण कमी होईल, हा मुद्दा असतोच. यातल्या एकेकाबद्दल पुढे येईलच.

एकत्र ठेवलं तर बिघडलं काय? कोंबड्याही एकत्रच असतात.

कोंबडी मुळात कळपातला पक्षी आहे. ब्रॉयलरच्या शेडमध्ये तिचे हाल होतात ते वेगळं, पण दुसरी कोंबडी शेजारी असणं हा तिचा प्रॉब्लेम नाही. ऑक्टोपस एकटा राहतो. बीळ एकट्याचं, शिकार एकट्याची, जुगण्यापुरता दुसऱ्याजवळ जाणार आणि तेव्हाही सांभाळून, कारण मोठा ऑक्टोपस लहान्याला खातो. गर्दी केली, खाणं कमी पडलं, साईज मागेपुढे झाली की हे वाढतं, आणि शेतीत या तीनही गोष्टी रोजच्याच.

मालवणजवळच्या एका खडपावर मामाबरोबर सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी गेले होते, तेव्हा गुडघाभर पाण्याच्या एका खळग्यात मी पहिल्यांदा जवळून ऑक्टोपस बघितला. आधी दिसलाच नाही. दगडाच्या फटीपुढे कुर्लीच्या कवचाचे, कालवांच्या शिंपल्यांचे तुकडे पडले होते, मामा म्हणाला हे त्याचं उष्टं, तो आत आहे. मग त्या दगडाचाच एक कोपरा हलला आणि त्यात डोळा उघडला. मी बोट पाण्यात घातलं तर एक हात हळूच बाहेर आला, चुन्यासारखा पांढरट, आणि माझ्या बोटापर्यंत येईस्तोवर तपकिरी झाला. मामा म्हणाला, "हात नको घालू गो, तो तुका बघताहा." आणि खरंच बघत होता. मी डावीकडे सरकले की डोळा डावीकडे. तो खळगा, ती फट, ते उष्ट्याचे तुकडे, सगळं त्या एकट्याचं होतं, आसपास दुसरा ऑक्टोपस नव्हता. फार्मच्या टँकमध्ये यातलं काय असणार? गुळगुळीत भिंत आणि शेजारी अजून दहा-बारा.

त्यात त्याचं अंग. खवले नाहीत, कवच नाही, नुसती मऊ कातडी. खरचटलं की जखम, आणि जखमेत व्हिब्रिओसारखे बॅक्टेरिया. अ‍ॅग्रीगाटा नावाचा आतड्यातला परजीवी तर समुद्रातल्या ऑक्टोपसमध्येही खूप सापडतो. गर्दीत हे किती पसरेल याचा अंदाज कोळंबीवाल्यांना विचारा, रोग शिरला की अख्खं तळं जातं.

ऑक्टोपसला खरंच दुखतं का? गोगलगायीच्याच खानदानातला ना तो?

हो, मृदुकाय प्राणीच, गोगलगाय-शिंपल्यांचा नातेवाईक. पण मेंदूच्या बाबतीत तो फार वेगळ्या वाटेनं गेलाय. साधारण ५० कोटी न्यूरॉन्स (मज्जापेशी), म्हणजे कुत्र्याच्या मेंदूच्या बाहेरच्या थरात असतात साधारण तेवढे, आणि त्यातले दोन तृतीयांश हातांमध्ये. हृदयं तीन, रक्त निळं कारण त्यात लोहाऐवजी तांबं. शाळेत एवढं आपण वाचलेलं असतं आणि पुढे विसरतो.

दुखण्याबद्दल २०२१ मधला एक प्रयोग महत्त्वाचा आहे, सॅन फ्रान्सिस्कोतल्या रॉबिन क्रूक यांचा. नुसतं टोचल्यावर हात मागे घेतला तर ती साधी प्रतिक्षिप्त क्रियाही असू शकते, म्हणून त्यांनी वेगळं तपासलं. ऑक्टोपसच्या हातात थोडं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड टोचलं आणि त्याला एका विशिष्ट खोलीत ठेवलं. नंतर तो ती खोली टाळायला लागला, जरी आधी त्याला तीच आवडत होती. मग लिडोकेन दिलं, तेच दातवाला देतो ते बधिर करायचं औषध, तर ज्या खोलीत आराम मिळाला ती खोली त्याला आवडायला लागली. ज्यांना अ‍ॅसिड टोचलं नव्हतं त्यांना लिडोकेनच्या खोलीचं काही विशेष वाटलं नाही. म्हणजे त्रास झाला, तो लक्षात राहिला, आराम कुठे मिळाला तेही लक्षात राहिलं. आणि टोचलेल्या जागेची कातडी तो चोचीने कुरतडत राहिला होता. हे वाचलं त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या जोनाथन बर्च यांच्या टीमने ब्रिटिश सरकारसाठी ३०० हून जास्त अभ्यास तपासून रिपोर्ट दिला की ऑक्टोपस, माकूळ (स्क्विड), खेकडे, शेवंड (लॉब्स्टर) यांना संवेदना आहे असं मानायला भक्कम आधार आहे. त्याच रिपोर्टमध्ये असंही लिहिलंय की ऑक्टोपसची शेती करून त्याचं कल्याण चांगलं राखणं शक्य नाही. पुढच्या वर्षी ब्रिटनने २०२२ च्या प्राणीकल्याण कायद्यात या प्राण्यांना घेतलं.

हुशार आहे म्हणून सूट द्यायची का? मग मठ्ठ प्राण्यांचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात रास्त वाटतो. हुशारीवरून जीवाची किंमत ठरवावी असं माझं अजिबात म्हणणं नाही, दुखायला अक्कल लागत नाही.

पण बंदिस्त जागेत कोण किती सोसेल याचा आणि त्याच्या डोक्याचा संबंध आहे. सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयात जेनिफर मॅथर आणि रोलंड अँडरसन यांनी टँकमध्ये गोळ्यांची रिकामी प्लास्टिकची बाटली तरंगत सोडली, तर आठपैकी दोन ऑक्टोपस तिच्यावर पाण्याचा झोत मारून ती लांब ढकलायचे, ती फिरून परत आली की परत झोत, परत परत, खाण्याचा काही संबंध नसताना. १९९९ मध्ये ते छापून आलं. लहान मूल भिंतीवर चेंडू मारतं तसंच. इंडोनेशियात ऑक्टोपस नारळाच्या करवंट्या पोटाखाली धरून तुरुतुरु चालत नेतात आणि लागेल तेव्हा आत बसून वरून दुसरी ओढून घेतात. न्यूझीलंडच्या नेपियर शहरातल्या मत्स्यालयातून २०१६ मध्ये इंकी नावाचा ऑक्टोपस झाकणाच्या फटीतून निघाला, जमिनीवरून सरपटत गेला आणि पन्नास मीटरच्या ड्रेनेज पाईपमधून समुद्रात पोचला. ज्याला सतत काहीतरी उचकटून बघायचं असतं त्याला रिकाम्या टाकीत ठेवलं की त्याचं काय होत असेल, याचा विचार मला जास्त छळतो.

मारतात कसं? आणि त्यात एवढं काय?

लास पाल्मासच्या प्लॅनमध्ये बर्फाच्या पाण्याचा रगडा होता, उणे ३ अंश. माशांवर ही पद्धत बरीच वापरतात आणि त्यात मरायला वेळ लागतो, त्रास होतो, हे अभ्यासांमध्ये आलंय, जागतिक पशुआरोग्य संघटनाही माशांसाठी ही पद्धत वाईट मानते. समुद्रात पकडणारे डोक्यावर काठी मारतात किंवा मेंदूत सुरी घालतात, तेही काही सुंदर नाही, पण निदान हाताळणारा सरावलेला असेल तर मेंदूपुरतं लवकर आटपतं. अडचण अशी की या प्राण्याची मज्जासंस्था आठ हातांत पसरलीय, त्यामुळे एका फटक्यात सगळं बंद होईल असा खात्रीचा उपाय मोठ्या प्रमाणावर करायला अजून नाही. गाई-बकऱ्यांसाठी, अगदी कोंबड्यांसाठीही बेशुद्ध करायच्या काही पद्धती आहेत. वर्षाला दहा लाख ऑक्टोपस मारायचा प्लॅन झाला आणि हा प्रश्न सुटलेलाच नाही.

युरोपात तर विचित्र परिस्थिती आहे. २०१० च्या युरोपियन कायद्याप्रमाणे प्रयोगशाळेत एका ऑक्टोपसवर प्रयोग करायचा तर परवानगी लागते, वेदना कमी करायचे नियम पाळावे लागतात. फार्ममधल्या आणि कत्तलीच्या प्राण्यांचे जे कायदे आहेत ते पाठीचा कणा असलेल्यांपुरतेच. म्हणजे तोच प्राणी लॅबमध्ये असला तर संरक्षण आणि फॅक्टरीत दहा लाख असले तर काही नाही.

पर्यावरणाचा काय संबंध? उलट समुद्रावरचा ताण कमी होईल ना?

ऑक्टोपस पूर्ण मांसाहारी आहे, मुद्दा तिथेच अडतो. त्याला कोंडा-पेंड घालून भागत नाही. एक किलो ऑक्टोपस तयार व्हायला साधारण तीन किलो खाणं लागतं असा हिशोब सांगतात, म्हणजे ३,००० टनांसाठी ९,००० टन, आणि ते येणार कुठून तर फिरून समुद्रातूनच.

आताच जगात २०२० च्या आकड्यांप्रमाणे वर्षाला १ कोटी ६० लाख टनांहून जास्त मासळी फिशमील (जनावरांच्या खाण्यासाठी माशांची पूड) आणि तेलासाठी दळली जाते. त्यातली बरीचशी तारलीसारखी छोटी मासळी, जी गरीब लोक थेट खाऊ शकतात. सेनेगल, गांबिया, मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर फिशमीलचे कारखाने आल्यावर तिथल्या बायका जी मासळी भाजून, सुकवून बाजारात विकायच्या ती मिळेनाशी आणि महाग झाली, यावर तिथले लोक कित्येक वर्षं भांडतायत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पण फिशमीलचे कारखाने आहेत, बंदरावर ट्रॉलरमधून उतरणारी बारीक पिल्लं-मासळी तिकडेच जाते, बोट लागल्यावर बाजूला चेपलेल्या त्या ढिगात नीट बघितलं तर बोटाएवढे बांगडे, सौंदाळे ओळखू येतात, एक वर्ष थांबले असते तर ताटात आले असते.

कंपनी म्हणते की आम्ही वाया जाणारे भाग वापरू. डोकी, आतडी, काटे वापरले तर चांगलंच आहे. पण त्या वाया गेलेल्याला आधीच गिऱ्हाईक आहे, कोळंबी, सालमन, कोंबड्या, कुत्र्या-मांजरांचं खाणं. त्यात अजून एक मोठं तोंड आलं की कुठेतरी दुसरीकडून उपसा वाढणारच.

आणि सांडपाणी?

एवढे मांसाहारी प्राणी, त्यांची घाण, उरलेलं खाणं, म्हणजे पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फेट. बंदरातून पाणी आत घ्यायचं आणि वापरून परत तिथेच सोडायचं. फिल्टर कितीही लावला तरी विरघळलेलं सगळं अडत नाही, आणि रोगासाठी औषधं वापरली तर तीही जातात.

आपल्याला हे नवीन नाही. नव्वदच्या दशकात आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांनी विहिरी खाऱ्या केल्या, भातशेती गेली, शेवटी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये कोर्टाने किनारपट्टीवरच्या तशा फार्म्सवर कडक निकाल दिला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००५ मध्ये, तटीय जलसंवर्धनाचा कायदा आला. आधी नुकसान, मग कोर्ट, मग कायदा. ऑक्टोपसच्या बाबतीत हा क्रम उलटा करायची संधी आहे, कारण अजून उद्योग उभा राहिलेला नाही.

पण समुद्रातले ऑक्टोपस तर संपत चाललेत, मग शेती नको तर करायचं काय?

पकड वाढलीय हे खरंय. १९८० च्या सुमारास जगात साधारण १ लाख ८० हजार टन पकडले जायचे, २०१४ पर्यंत ते साडेतीन लाखांच्या वर गेलं. कोरिया, जपान, स्पेन, इटली, पोर्तुगालमध्ये मागणी, आणि मोरोक्को-मॉरिटानियात पकड.

पण शेती आली म्हणून पकडणं थांबतं असा अनुभव नाही. भारतात २००९ मध्ये व्हनामी या परदेशी जातीच्या कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली, उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं, तरी कोळंबीचे ट्रॉलर बंद झाले का? नाही झाले. माल स्वस्त झाला, जे आधी खात नव्हते ते खायला लागले. ऑक्टोपसचंही तसंच होईल असं मला वाटतं, आज सणावाराला खाणारे उद्या फ्रोझन पाकीट आणतील.

उपाय साधेच आहेत, वेळ लागणारे आहेत. गॅलिशियात दरवर्षी काही काळ ऑक्टोपस पकडायला बंदी असते, आपल्या १ जून ते ३१ जुलैच्या बंदीसारखीच. लहान साईज परत सोडायची, ट्रॉलरऐवजी पिंजरा किंवा मडकं वापरायचं. जपानमध्ये शेकडो वर्षं मडकी दोरीला बांधून तळाशी सोडतात, ऑक्टोपस बीळ समजून आत बसतो, वर ओढायचं, पिल्लू असेल तर सोडून द्यायचं. त्यात तळ खरवडला जात नाही आणि दुसरी मासळी मरत नाही.

लोकांना रोजगार मिळेल त्याचं काय?

टँकची दोन मजली फॅक्टरी चालवायला भांडवल लागतं, माणसं तुलनेनं कमी. पिंजरे टाकणारा गॅलिशियातला छोटा होडीवाला किंवा मॉरिटानियात भांडी टाकून ऑक्टोपस पकडणारा माणूस, यांच्या मालाचा भाव मात्र पडेल. मला तरी हा सौदा बरोबर वाटत नाही.

बंदी कुठे कुठे आलीय?

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने मार्च २०२४ मध्ये ऑक्टोपस फार्मिंगवर बंदी घातली, तिथे असा एकही फार्म नसताना. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने पुढचं पाऊल टाकलं, फार्म तर नाहीच, फार्ममध्ये वाढवलेला ऑक्टोपस विकायलाही मनाई, १ जानेवारी २०२५ पासून लागू. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणाऱ्या आपल्या लोकांना हा कायदा लागू आहे, बऱ्याच जणांना माहीतच नाही. जुलै २०२४ मध्ये देशभर बंदी आणि अशा मालाच्या आयातीवर बंदी असं बिल दोन्ही पक्षांच्या सिनेटरनी मिळून मांडलं. हवाईत कोना भागात एक जागा होती जिथे समुद्रातून ऑक्टोपस पकडून ब्रीडिंगचे प्रयत्न चालायचे आणि पर्यटकांना पैसे घेऊन दाखवायचे, तिला जानेवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने परवाना नाही म्हणून काम थांबवायला सांगितलं.

भारतात कायदा काय म्हणतो?

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा उघडून बघा, "प्राणी" म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव, अशी व्याख्या आहे. कणा असायलाच हवा असं काही नाही. म्हणजे कागदावर ऑक्टोपस त्यात येतो, खेकडाही येतो. अन्नासाठी मारायला त्यात सूट आहे, पण विनाकारण वेदना न देता. युरोपपेक्षा आपली व्याख्या जास्त मोठ्या मनाची आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. मात्र बाजारात, बंदरावर, तळ्यांवर हे कुणी बघत नाही, आणि ऑक्टोपसच्या शेतीबद्दल नावानिशी काही लिहिलेलं नाही.

आपल्याकडे ऑक्टोपस खातंच कोण? मग आपल्याला काय करायचंय?

आपल्याकडे तो मुख्यतः ट्रॉलरच्या जाळ्यात दुसऱ्या मासळीबरोबर येतो. घरी फारसं कुणी करत नाही, पण माकूळ मात्र आपल्या किनाऱ्यावरून फ्रोझन होऊन मोठ्या प्रमाणात बाहेर जातात आणि त्यांची मोठी गिऱ्हाइकं स्पेन आणि इटलीच. म्हणजे लास पाल्मासच्या टँकमधला माल ज्या बाजारात जाणार त्याच बाजारात आपला पण जातो. शिवाय कुठलंही नवीन जलसंवर्धन जगात चाललं की चार-पाच वर्षांत आपल्याकडे सबसिडीच्या स्कीममध्ये दिसतं, व्हनामीचं तसंच झालं, जिताड्याचं, खेकड्यांचं तसंच. उद्या कुणी गावात येऊन एक्स्पोर्ट क्वालिटी ऑक्टोपस, एवढ्या महिन्यांत एवढा नफा असं सांगितलं तर आपल्याकडे विचारायला प्रश्न तयार हवेत: पिल्लं कुठून आणणार, खाणं काय, पाणी कुठे सोडणार, मारणार कसं.

मग माकूळ खायचे की नाही?

माकूळही त्याच कुळातले आणि संवेदनेचा आधार त्यांच्याबद्दलही आहे, ऑक्टोपसइतका अभ्यास झालेला नसला तरी. ते समुद्रातून येतात, तो त्रास काही तासांचा असतो, फार्मसारखा जन्मभराचा नसतो. मी स्वतः दोन वर्षांपासून घेणं सोडलंय. घरात आई करते, तिला मी कधी काही म्हटलं नाही.

अंडी घातल्यावर मादी मरते असं ऐकलं, खरं आहे का?

खरं आहे. ती बिळाच्या छताला अंड्यांचे घोस लोंबकळत लावते आणि मग तिथून हलत नाही. त्यांच्यावरून पाणी खेळवत राहते, हाताच्या टोकांनी घाण पुसते, जवळ येणाऱ्याला हाकलते आणि खाणं सोडते. समोर खेकडा आला तरी खात नाही. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती पांढरीफटक, सुरकुतलेली झालेली असते आणि मग मरते. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की यांनी माद्यांच्या डोळ्यांजवळची एक ग्रंथी काढून बघितली, तर त्या अंडी सोडून परत खायला लागल्या आणि जास्त जगल्या, म्हणजे हे सगळं शरीरातच लिहिलेलं आहे. शेतीत पुढच्या पिढीसाठी अशा माद्या लागणारच. बीळ नाही, अंधार नाही, शेजारी गर्दी आणि वर लाईट, त्यात ती हे शेवटचे आठवडे काढणार. या एका गोष्टीबद्दल मला कुठल्याच कंपनीच्या उत्तराने समाधान झालेलं नाही.

आपल्या किनाऱ्यावर ऑक्टोपस बघायला मिळतो का?

मिळतो. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरसुद्धा सापडतो, कोकणात तर खडपांवर आहेच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मोठी ओहोटी असते, तेव्हा पाणी पूर्ण उतरायच्या अर्धा तास आधी जा, रबरी सोलचे बूट घाला आणि भरतीची वेळ आधी बघून ठेवा. ऑक्टोपस शोधू नका, त्याचं उष्टं शोधा, फटीपुढे कवचांचा ताजा ढीग दिसला की थांबा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि पाच-दहा मिनिटं हलू नका. दगड उलटला तर तो होता तसा परत ठेवा, आणि फटीत अंड्यांचे घोस दिसले तर फोटो न काढता तिथून निघा.